पावसाची शाई वेगळी, थंडीची वेगळी

कर्जत स्थानकातून सुटलेली गाडी बोरघाट चढू लागली, की सदऱ्याच्या खिशातले शाईचे पेन हळूच पाझरू लागते. मुंबई-पुणे प्रवास नित्याचा असलेल्या जुन्या पिढीला हा अनुभव नवा नाही. खिशावर उमटलेल्या निळ्या डागाचा दोष बहुधा पेनाला दिला जातो आणि घरी पोहोचल्यावर त्याची रवानगी खणात होते. वास्तविक त्या पेनाचे काहीच बिघडलेले नसते. हवेच्या दाबाचा एक साधा नियम त्याने तेवढा पाळलेला असतो. हा नियम ठाऊक असला, तर सदराही वाचतो आणि पेनही.

पेन घेताना आपण निबेचा विचार करतो, शाई घेताना रंगाचा. हवेचा विचार सहसा कोणी करत नाही. युरोप-जपानमधील शाईच्या बाटल्यांवरील सूचना तेथील हवामान गृहीत धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मात्र एकच पेन जूनच्या दमट हवेत, जानेवारीच्या गारठ्यात आणि एप्रिलच्या काहिलीत चालावे, अशी अपेक्षा असते. ते तसे चालूही शकते. फक्त ऋतूनुसार त्यातली शाई बदलावी लागते.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी रायगड जिल्ह्याचा घाटपायथ्याचा भाग, म्हणजे कर्जत आणि खालापूर हे तालुके, फार सोयीचे आहेत. समुद्र येथून दूर असल्याने किनाऱ्यावरचा सौम्यपणा येथे नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, थंडीतल्या पहाटे तो पंधराच्या खाली उतरतो आणि सह्याद्रीला अडलेले ढग पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस ओततात. कर्जत तालुक्यातच असलेल्या माथेरानच्या माथ्यावर तर वार्षिक सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास जाते. शिवाय दोन्ही तालुक्यांच्या डोक्यावर घाट आहे. शाईच्या पेनाची एवढी कठोर परीक्षा घेणारा प्रदेश सहज सापडणार नाही.

पेन चालते कसे?

शाईच्या पेनात पंप नसतो की झडप नसते. निबेच्या मधोमध केसासारखी चीर असते आणि निबेखाली खाचा पाडलेला दांडा असतो. पुष्कळ जण त्याला जीभ म्हणतात. या बारीक खाचांतून शाई केशाकर्षणाने टोकापर्यंत येते आणि कागदाचे तंतू तिला ओढून घेतात. जेवढी शाई बाहेर जाते, तेवढी हवा त्याच वाटेने आत शिरते. आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा किंचित कमी असतो, म्हणून शाई ओघळत नाही. या नाजूक तोलावर सारे अवलंबून आहे. तोल बिघडवणाऱ्या गोष्टी तीन: बाहेरचा दाब, तापमान आणि हवेतील ओलावा.

आता घाटातले गणित पाहू. १८६३ मध्ये लोहमार्ग खुला झालेल्या बोरघाटाचा पायथा समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरवर आहे, तर लोणावळा सुमारे ६२५ मीटरवर. या उंचीपर्यंत दर १०० मीटरला हवेचा दाब साधारण सव्वा टक्क्याने कमी होतो. म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत तो सहा-सात टक्क्यांनी उतरतो आणि पेनात कोंडलेली हवा त्याच प्रमाणात फुगते. पेन अर्धे रिकामे असून आत एक घनसेंटीमीटर हवा असेल, तर ती ०.०६ ते ०.०७ घनसेंटीमीटर शाई बाहेर ढकलते. शाईचा एक थेंब सुमारे ०.०५ घनसेंटीमीटरचा असतो. खिशावरचा डाग नेमका तेवढाच असतो, हा योगायोग नव्हे. नेरळहून माथेरानला जाताना चढ सुमारे साडेसातशे मीटरचा आहे, त्यामुळे तेथे मात्रा आणखी वाढते. उतरताना याच्या उलट घडते. हवा आकसते, शाई मागे सरते आणि पेन काही क्षण लिहीत नाही.

उपाय सोपा आहे. घाट चढण्यापूर्वी पेन पूर्ण भरावे किंवा पूर्ण रिकामे करावे. कारण त्रास शाईचा नसून हवेचा आहे. प्रवासात निब वरच्या दिशेला राहील असे पेन उभे ठेवावे, म्हणजे फुगलेली हवा शाईला न ढकलता निबेवाटे निघून जाते. जिभेला कंगव्यासारखे दाते असलेली पेने ही जादा शाई दात्यांत धरून ठेवतात. ड्रॉपरने भरायच्या पेनांत शाईचा साठा आणि हवेची पोकळी दोन्ही मोठी असतात. म्हणून घाटात तीच सर्वाधिक त्रास देतात.

शाईचे तीन प्रकार

ऋतूशी जोडी जमवण्यापूर्वी बाटलीत काय आहे ते पाहायला हवे. शाईचे ढोबळ प्रकार तीन. पहिला प्रकार पाण्यात पूर्ण विरघळलेल्या रंगाचा. शाळेत वापरली जाणारी ‘रॉयल ब्ल्यू’ या जातीची. ती पेनाला निर्धोक, धुण्यास सोपी. पण पाण्याने पुसली जाते आणि उन्हाने विटते. दुसरा प्रकार लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाचा. जुन्या पद्धतीच्या काही निळ्या-काळ्या शाया या जातीच्या असतात. लिहिताना अक्षर निळसर दिसते. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन लोहाचे संयुग काळे आणि अविद्राव्य बनते व कागदाच्या तंतूंत घट्ट बसते. तिसरा प्रकार रंगकणांचा. यात काजळीसारखे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. कागदावर वाळल्यावर ते पाण्याने हलत नाहीत, मात्र पेनात वाळले तर तेथूनही हलत नाहीत.

यांपैकी दुसरा आणि तिसरा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. बोरू आणि टाकाच्या काळात घरोघरी शाई केली जाई ती काजळी आणि डिंकाची, किंवा हिरडा आणि हिराकस यांची. हिरडा, बेहडा ही सह्याद्रीच्या जंगलातली झाडे. माथेरान आणि भीमाशंकरच्या रानात ती आजही आहेत. हिरड्यातील टॅनिन आणि हिराकशीतील लोह एकत्र आले की काळा रंग धरतो. युरोपात हेच काम ओकच्या झाडावरील गाठींकडून करून घेतले गेले. काजळीतला कार्बन उन्हाने विटत नाही, हे जुन्या मोडी कागदपत्रांवर आजही दिसणाऱ्या काळ्याभोर अक्षरांवरून कळते. तथापि, ही घरगुती शाई फाउंटन पेनात कधीही भरू नये. डिंक आणि जाड काजळी जिभेच्या खाचा कायमच्या बुजवतात.

पहिल्या प्रकाराची कथा कारखान्यांची आहे. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने अ‍ॅनिलिनवर प्रयोग करताना जांभळा कृत्रिम रंग शोधला आणि कोळशाच्या डांबरापासून रंग तयार करण्याचा उद्योग उभा राहिला. शाईची बाटली त्याच उद्योगाचे अपत्य. भारताने १९६० मध्ये स्थापन केलेल्या ‘हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स’ या सरकारी कंपनीने नायट्रोबेंझीन, अ‍ॅनिलिन यांसारखी रंगोद्योगाला लागणारी मूलभूत रसायने देशातच करण्यासाठी जो कारखाना उभारला, तो पाताळगंगेच्या काठी रसायनी येथे. हा कारखाना बंद करण्यास केंद्र सरकारने २०१७ मध्ये मंजुरी दिली.

शाईच्या धंद्यातील मराठी नावही याच परिसराशी जोडले गेले आहे. १९३१ मध्ये गिरगावात दि. प. दांडेकर आणि त्यांचे बंधू गो. प. दांडेकर यांनी ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि वड्या विकण्यास आरंभ केला. पुढे उंटाचे चिन्ह आले आणि ‘कॅमल’ची दौत शाळकरी मुलांच्या दप्तरापर्यंत पोहोचली. २०११ मध्ये जपानच्या ‘कोकुयो’ने या कंपनीतील बहुसंख्य भागभांडवल घेतले. आज ‘कोकुयो कॅमलिन’चा एक मोठा कारखाना पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात आहे. बंगालमध्येही १९३४ मध्ये राजशाही येथे सुरू झालेल्या ‘सुलेखा’ने २०२० मध्ये आपली शाई पुन्हा बाजारात आणली.

पावसाळा : बारीक निब, पक्की शाई

जूनच्या मध्यावर पाऊस स्थिरावला, की पहिला बदल पेनात होत नाही. तो कागदात होतो. कागद हवेतील ओलावा शोषून घेतो, त्याचे तंतू सैल होतात आणि पृष्ठभागावरील खळीचा परिणाम मंदावतो. परिणामी मे महिन्यात ज्या वहीवर अक्षर रेखीव उमटत होते, त्याच वहीवर जुलैत शाई फुटते आणि पाठच्या पानावर उतरते. ती वाळण्यासही वेळ लागतो, कारण आधीच ओलावलेल्या हवेत पाणी उडून जाण्यास वाव नसतो.

या दिवसांत बारीक निब आणि कमी पाझरणारी शाई ही जोडी उत्तम. बारीक निब कागदावर कमी शाई सोडते, त्यामुळे फुटण्यास वावच राहत नाही. रंगाचा प्रकार निवडताना मात्र दिखाऊपणापेक्षा टिकाऊपणाला महत्त्व द्यावे. छत्रीतून ठिबकणारे पाणी, ओली पिशवी, गळके छप्पर यांपैकी काहीही आपल्या अक्षरांवर येऊ शकते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत नेरळ-माथेरान रेल्वेचा मार्ग जागोजागी वाहून गेला आणि तो पूर्ववत होण्यास २००७ उजाडले. रूळ पुन्हा टाकता येतात. पाण्यात विरघळलेल्या शाईने लिहिलेली हिशेबाची वही, वडिलांची पत्रे किंवा आजीच्या हातची पाककृती पुन्हा मिळत नाही. म्हणून ज्या मजकुराचे मोल आहे तो लोह-टॅनिनच्या निळ्या-काळ्या किंवा रंगकणांच्या काळ्या शाईने लिहावा. पावसाळा हा या शायांसाठी पेनाच्या दृष्टीनेही सर्वांत सुरक्षित काळ असतो, कारण दमट हवेत निब लवकर वाळत नाही.

टीपकागद हे विस्मरणात गेलेले साधन या चार महिन्यांत पुन्हा हाताशी ठेवावे. बाटलीच्या तोंडाशी तंतू वा साय दिसली, तर ती बुरशी समजावी आणि शाई ओतून द्यावी. गाळून वापरू नये. वह्या बंद पिशवीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात.

दसरा ते दिवाळी : धुण्याचा काळ

पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागते, तेव्हा पेन बदलाच्या उंबरठ्यावर असते. दसऱ्याला पाटीपूजन आणि दिवाळीत वहीपूजन करण्याची आपली प्रथा या कामासाठी नेमकी वेळ साधते. पूजेसाठी पेन बाहेर काढायचेच असेल, तर आधी ते धुऊन घ्यावे. पावसाळ्यात वापरलेली पक्की शाई आता वाळू लागणार असते, तिला आत राहू देऊ नये.

धुण्यासाठी कोमट पाणी पुरते. उकळते पाणी वापरल्यास इबोनाइट व प्लास्टिक वाकडे होते. शाई फार चिकटली असेल, तर पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एखादा थेंब टाकावा आणि नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावे. विंधन विहिरीचे जड पाणी असेल तर शेवटचे पाणी तरी डिस्टिल्ड असावे, अन्यथा क्षार खाचांत साचतात. गाडीच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर याला चालते. दोन कंपन्यांच्या शाया एकमेकींत मिसळू नयेत, कारण एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असल्यास रंगाचा साका बसतो.

हिवाळा : जाड निबेचे दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा लेखनाचा खरा हंगाम. हवा कोरडी, कागद कडक, शाई जागच्या जागी वाळणारी. जाड निब, भरपूर पाझरणारी शाई आणि एकाच अक्षरात फिकट-गडद छटा दाखवणारे तपकिरी, किरमिजी, गर्द हिरवे रंग यांची हौस याच महिन्यांत भागवावी. शाई पुरेशी सोडणाऱ्या निबेशिवाय या छटा उमटत नाहीत आणि पावसाळ्यात अशी निब कागद भिजवून टाकते.

या ऋतूच्याही दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे थंडीत शाई घट्ट होते. शाईचा मुख्य भाग पाणी असतो आणि ४० अंशांच्या तुलनेत १५ अंश तापमानाला पाण्याची दाटी सुमारे पाऊणपट वाढते. पहाटे पेन अडखळते ते यामुळे. दुसरी अडचण वरकरणी विसंगत वाटेल; थंडीतच ड्रॉपरचे पेन थेंब टाकते. रात्रभर १४-१५ अंशांत पडलेले पेन हातात घेतले, की हाताच्या उबेने आतली हवा १५-२० अंशांनी तापते आणि पाच ते सात टक्के फुगते. बोरघाट चढल्यावर जे होते, तेच येथे टेबलाशी बसल्या बसल्या घडते. पेन अर्ध्याहून अधिक रिकामे होऊ न देणे आणि लिहिण्यापूर्वी ते निब वर करून मिनिटभर मुठीत धरणे, एवढी खबरदारी पुरते. जाड भिंतीच्या इबोनाइट पेनात उष्णता सावकाश शिरते. जुने कारागीर हे द्रव्य पसंत करीत, त्यामागे हेही एक कारण आहे.

उन्हाळा : पातळ शाई, घट्ट टोपण

होळीनंतर चित्र पालटते. निबेवरचे पाणी उडून जाते, रंग मागे राहतो आणि शाई दिवसेंदिवस दाट होत जाते. टोपण उघडे ठेवून फोन घ्यावा आणि परत येईतो निब कोरडी व्हावी, असे हे दिवस. अशा वेळी धुण्यास सोपी, पाण्यात विरघळणारी, मोकळी वाहणारी शाई वापरावी. रंगकणांची, लोहाची किंवा चमकीची शाई उन्हाळ्यात पेनात भरून विसरणे म्हणजे पेन बंद पाडणेच होय. मध्यम निब आणि रॉयल ब्ल्यू ही शाळेतली साधी जोडी येथे महागड्या जोड्यांना भारी पडते.

या ऋतूत पेनाची किंमत निबेपेक्षा टोपणावर जोखावी. टोपणात आतले दुसरे टोपण असेल आणि ते घट्ट बसत असेल, तर निब आठवडाभर ओली राहते. शाई दाट झाल्याचे जाणवल्यास डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब घालावा. द्रुतगती मार्गावरून जाताना खालापूरच्या टोलनाक्याजवळ उन्हात गाडी थांबवून चहाला उतरायचे असेल, तर पेन डॅशबोर्डवर ठेवू नये. बंद गाडीत तापलेली हवा पेनातील शाई टोपणात आणून सोडते.

रंग आणि ऋतू

ऋतूंना रंग असतो, ही कल्पना जपानी कंपन्यांनी बाजारात आणली. ‘पायलट’ने २००७ पासून ‘इरोशिझुकू’ मालिकेत रानद्राक्षे, हिवाळी पर्सिमॉन, चांदणी रात्र अशा नावांच्या शाया काढल्या. ‘सेलर’ची ‘शिकिओरी’ मालिकाही चार ऋतूंवर बेतलेली आहे. आपल्याला रानद्राक्षे कशाला हवीत? मे महिन्यात कर्जत-नेरळच्या फलाटांवर द्रोणांतून विकायला येणारी करवंदे, श्रावणातला भाताच्या खाचरांचा पोपटी हिरवा, भाद्रपदात डोंगरउतारांवर फुलणारी सोनकी, शिशिरातला पळस हे सारे आपल्याही डोळ्यांपुढे असते. गर्द जांभळी शाई वैशाखात आणि गर्द हिरवी श्रावणात वापरावीशी वाटली, तर त्यात गैर काही नाही. मात्र सोनकीचा पिवळा आणि खाचराचा पोपटी वाचायला जड जातो. तो रेघ मारण्यापुरता ठेवावा. करवंदाचा रस तर पेनात मुळीच घालू नये. त्यातील साखर आणि तंतू दोन दिवसांत जीभ चिकटवतात.

रंगाच्या हौसेला एक मर्यादा व्यवहाराचीही आहे. धनादेश, अर्ज, करारनामे यांसाठी निळी किंवा काळी पक्की शाई हीच योग्य. सरकारी कचेऱ्यांत हिरवी आणि लाल शाई वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांपुरती राखून ठेवण्याचा संकेत आहे.

निवड कशी करावी?

सर्वसामान्य लेखनासाठी दोन पेने आणि तीन बाटल्या वर्षभर पुरतात. बारीक निबेच्या पेनात पावसाळ्यात पक्की निळी-काळी. मध्यम वा जाड निबेच्या पेनात हिवाळ्यात आवडीचा रंग आणि उन्हाळ्यात रॉयल ब्ल्यू. ज्या पेनाचा वापर थांबेल, ते धुऊन कोरडे करून ठेवावे.

बाटलीवरच्या ‘परमनंट’ या शब्दावर मात्र विसंबू नये. त्याचा अर्थ प्रत्येक कंपनीगणिक बदलतो. त्यापेक्षा घरीच परीक्षा घ्यावी. जाड कागदाच्या एका पट्टीवर आपल्याकडील प्रत्येक शाईने एकेक ओळ लिहावी आणि ती चोवीस तास वाळू द्यावी. मग पट्टीचे उभे तीन तुकडे करावेत. एक तुकडा ताटलीतल्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावा, दुसरा उन्हाच्या खिडकीला महिनाभर चिकटवावा, तिसरा पुस्तकात बंद ठेवावा. महिन्यानंतर तिन्ही तुकडे शेजारी ठेवले, की कोणती शाई पत्रासाठी, कोणती खरडवहीसाठी आणि कोणती मृत्युपत्रासाठी, हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही. ही परीक्षा मे महिन्यात उरकावी, म्हणजे पहिल्या पावसाआधी योग्य बाटली हाताशी असेल.